दहा मिनिटांत नको, अकरा वाजता द्या : स्विस रेल्वे आणि माझ्या माळ्यावरची आगगाडी



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला. "सर, ते ॲपवाले दहा मिनिटांत सामान घरपोच देतात. आपण छोट्या दुकानदारांनी करायचं काय?" व्हिडिओत मी दीड मिनिटात उत्तर उरकलं. पण खरं सांगू का, ते उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. आणि हे उत्तर देताना मी तुम्हाला स्वित्झर्लंडला नेणार आहे. घाबरू नका, तिकीट लागत नाही. मी स्वतःही कधी गेलेलो नाही.

चॅनेलवर जुने असाल तर तुम्हाला माहीत आहे की सांगलीत माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. जे माहीत नाही ते आज सांगतो. दुकानाच्या माळ्यावर, वायरच्या बंडलांच्या मागे, आठ बाय चारच्या प्लायवूडवर माझी एक छोटी रेल्वे आहे. रूळ आहेत, सांधे आहेत, एक स्टेशन आहे. वडील त्याला "पोराचा पसारा" म्हणतात. पोर आता छत्तीस वर्षांचं आहे. रात्री शटर ओढलं की मी अर्धा तास वर जातो, गाड्या फिरवतो, आणि झोपण्यापूर्वी मोबाईलवर स्विस गाड्यांच्या इंजिनाच्या काचेतून घेतलेले व्हिडिओ बघतो. बोगदा, पूल, बर्फ, पुन्हा बोगदा. बायको म्हणते, लोक सिरियल बघतात, हे रूळ बघतात.

हे वेड आलं कुठून?

चौथीत असताना शाळेची सहल पुण्याला गेली होती. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. पुण्याजवळ असाल तर मुलांना घेऊन नक्की जा. तिथे काचेपलीकडे एक अख्खं गाव आणि त्यातून आपापल्या वेळेला फिरणाऱ्या गाड्या बघितल्या आणि मी तिथेच अडकलो. बाकीची पोरं बाहेर आइस्क्रीम खात होती, मी आतच.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की आपल्या घाटाचं आणि स्वित्झर्लंडचं नातं जुनं आहे. 'दिलवाले दुल्हनिया'मधली शेवटची गाडी रायगडमधल्या आपटा स्टेशनवरून सुटते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मी त्याबद्दल बोलत नाहीये. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या बाजूने घाटात विजेची रेल्वे आली, तेव्हा मालगाड्या ओढायला जी इंजिनं आणली त्यातली काही स्वित्झर्लंडच्या विंटरथूर शहरात बनली होती. पुढे-मागे लांब नाक, मध्ये केबिन, वळणावर वाकता येईल असं तीन तुकड्यांचं अंग. आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं 'खेकडा'.

त्याच्यासारखंच रूप असलेलं इंजिन स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड घाटासाठी १९१९ पासून बनत होतं. तिकडे त्याला म्हणतात 'क्रोकोडील', म्हणजे मगर. त्यामागची गोष्टही धंद्याचीच आहे. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा नाही. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा कोळसा आटला आणि रेल्वेचे हाल झाले. पाणी मात्र डोंगरात भरपूर. मग त्यांनी पाण्यावर वीज केली आणि गोटहार्डचा मार्ग विजेवर नेला. जे आपल्याकडे नाही त्यासाठी रडत बसले नाहीत. असो, ही मगर पुढे जगभरातल्या मॉडेल रेल्वेवाल्यांची सगळ्यात लाडकी झाली. माझ्याकडे नाहीये. किंमत बघितली की मी ब्राउझर बंद करतो.

आता मुद्द्यावर येतो.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वी मीही घाबरलो होतो. घरपोच सेवेच्या जाहिराती सगळीकडे दिसायला लागल्या आणि मला वाटलं, आता आपणही वेगच विकायचा. दुकानाबाहेर बोर्ड लावला, "अर्ध्या तासात माल साइटवर, नाहीतर डिलिव्हरी फ्री." तुमच्यातल्या काही जणांना मी त्या काळात हाच सल्ला दिला होता. त्याबद्दल आज जाहीर माफी मागतो.

जुलै महिना, दुपारची वेळ, पाऊस. एका वायरमनचा फोन आला, दोन एमसीबी आणि थोडी केसिंग पट्टी पाहिजे. आमचा डिलिव्हरीचा पोरगा नुकताच एका फेरीवरून परत आला होता, जेवायचा होता. मी घड्याळ दाखवलं. तो तसाच निघाला. वळणावर गाडी घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. देवाची कृपा म्हणून तेवढ्यावर निभावलं. दवाखान्यात त्याची आई आली होती. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी त्या वायरमनला फोन केला, माल पोचला नाही म्हणून सॉरी म्हणायला. तो काय म्हणाला माहितेय? "घाई नव्हती की ओ शेठ. चार वाजता दिलं असतं तरी चाललं असतं. फक्त किती वाजता येणार ते नक्की कळलं असतं तर मी तोवर वरच्या मजल्याचं काम काढलं असतं."

त्या रात्री मी माळ्यावर गेलो, गाड्या लावल्या नाहीत, नुसता बसलो. जी गोष्ट मी इतकी वर्षं आवडीने वाचत होतो, ती माझ्या स्वतःच्या दुकानात मला दिसली नव्हती.

१९८२ साली स्विस लोकांनी काय केलं?

त्याआधी त्यांच्या गाड्याही कुठल्याही आडवेळी सुटायच्या. सकाळी दोन लागोपाठ, मग बराच वेळ काही नाही. रेल्वेतल्या काही तरुण इंजिनिअरांनी वेगळा विचार मांडला. सगळ्या मुख्य मार्गांवर दर तासाला गाडी, आणि ती प्रत्येक तासाला त्याच मिनिटाला. म्हणजे तुमच्या गावातून गाडी सात वाजून बारा मिनिटांनी असेल तर आठ बाराला, नऊ बाराला, रात्रीपर्यंत बाराच. वेळापत्रक पाठ करायची गरजच नाही. मे १९८२ मध्ये हे देशभर लागू झालं. तिकडे याला 'टाक्ट' म्हणतात. आपण ठेका म्हणू. तबल्याचा ठेका जसा चालू राहतो, तशी गाडी.

त्याच्या पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं आहे. त्या काळात फ्रान्सने अतिवेगवान गाड्या सुरू केल्या होत्या. स्वित्झर्लंडमध्येही तसा विचार चालू होता. पण शेवटी त्यांनी 'बान २०००' नावाची योजना घेतली आणि १९८७ साली जनमताने ती मंजूर झाली. तिचं सूत्र असं : गाडी शक्य तितकी वेगवान नको, गरजेइतकी वेगवान हवी.

गरजेइतकी म्हणजे किती? हे समजून घ्या, इथेच सगळी गंमत आहे. समजा झ्युरिक, बर्न आणि बाझल ही तीन मोठी जंक्शनं. प्रत्येक जंक्शनला सगळ्या बाजूंच्या गाड्या तास भरायच्या थोड्या आधी येतात, लोक फलाट बदलतात, आणि तास भरल्यावर थोड्या वेळात सगळ्या गाड्या सगळ्या बाजूंना सुटतात. हे जमायचं असेल तर दोन जंक्शनांमधला प्रवास एका तासापेक्षा थोडा कमी वेळात व्हायला पाहिजे. झ्युरिक ते बर्न तेव्हा तासाहून जास्त लागायचा. म्हणून त्यांनी मधे ताशी २०० किलोमीटर वेगाचा नवा मार्ग बांधला. डिसेंबर २००४ मध्ये तो सुरू झाला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आला.

आता विचार करा. अजून खर्च करून तो ४५ मिनिटांवर आणला असता तर? प्रवासी बर्नला अकरा मिनिटं आधी पोचला असता आणि पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभा राहिला असता. पैसे गेले, उपयोग शून्य. सगळ्यांचा वेळ वाचला तो जोड नीट बसल्यामुळे.

आणि एक गंमत. हे सगळं एकाच मालकाचं नाही. सरकारी रेल्वे आहे, बर्नकडची वेगळी कंपनी आहे, ग्राउब्युंडेनच्या डोंगरात मीटर गेजवाली ऱ्हेटिश रेल्वे आहे, खेड्यात जाणारी टपाल खात्याची पिवळी बस आहे. मालक वेगवेगळे, पण वेळापत्रक एकमेकांना धरून. गाडी आली की स्टेशनबाहेर बस उभी.

घड्याळसुद्धा थांबतं

स्विस स्टेशनवरचं ते घड्याळ तुम्ही पाहिलं असेल. पांढरी तबकडी, काळे काटे, आणि टोकाला लाल गोळा असलेला सेकंद काटा. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेतल्याच इंजिनिअरने १९४४ मध्ये ते बनवलं, लाल काटा नंतर आला. तो सेकंद काटा साठ सेकंदांचा फेरा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच पुरा करतो आणि वर बाराच्या खुणेवर क्षणभर थांबतो. मुख्य घड्याळाकडून विजेचा इशारा आला की मिनिट काटा पुढे उडी मारतो आणि लाल काटा पुन्हा चालू पडतो. सगळ्या स्टेशनांची घड्याळं दर मिनिटाला एकमेकांशी जुळतात ती अशी.

मला हे फार आवडतं. जगातली सगळ्यात शिस्तीची रेल्वे, आणि तिच्या घड्याळातच थांबायला जागा ठेवलेली आहे. वेळापत्रकातही तसंच. प्रत्येक प्रवासात थोडा राखीव वेळ धरलेला असतो. त्यामुळे छोटा उशीर पुढे पुढे वाढत जात नाही, भरून निघतो. तीन मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर ती गाडी उशिरा आली असं ते मोजतात, आणि तरी नव्वद टक्क्यांच्या वर प्रवासी वेळेवर पोचतात.

कधी कधी ते कठोरही होतात. जर्मनीहून येणारी गाडी फार उशिरा आली, तर तिला सीमेवरच्या बाझल स्टेशनला थांबवतात आणि पुढे आपली राखीव गाडी वेळेवर सोडतात. बाहेरचा उशीर आपल्या घरात शिरू देत नाहीत.

माळ्यावर शिकलेला धडा

माझा आत्येभाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. त्याने एकदा मेर्कलिन कंपनीचा जुना सेट आणून दिला. १:८७ प्रमाण, म्हणजे खरी गाडी सत्त्याऐंशी पट लहान केलेली. मी त्यावर एकेरी मार्ग टाकला आणि मध्ये एका स्टेशनात दोन गाड्या एकमेकींना पार करतील असा दुसरा रूळ दिला.

सुरुवातीला मी एक गाडी जोरात पळवायचो. काय व्हायचं? ती स्टेशनात आधी पोचायची आणि समोरून येणाऱ्या हळू गाडीची वाट बघत उभी राहायची. जितकी जोरात पळवावी तितकी जास्त वेळ उभी. रुळावरून घसरायची ती वेगळीच. दोन्ही गाड्या एका मापात चालवल्या की कुणीच थांबत नाही. दर तासाच्या ठेक्यात समोरासमोरच्या गाड्या दर अर्ध्या तासाने, आणि रोज त्याच त्याच जागी भेटतात. त्यामुळे एकेरी मार्गावर दुसरा रूळ कुठे टाकायचा हे आधीच कळतं, सगळीकडे टाकावा लागत नाही. पैसे किती वाचतात बघा. हे मला कुठल्याही बीबीएच्या पुस्तकाने इतक्या लवकर समजावलं नव्हतं.

मेर्कलिनची गोष्टही सांगायलाच हवी. १८५९ मध्ये जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावात एका पत्रेकाराने बाहुल्यांच्या भातुकलीचं सामान बनवायला सुरुवात केली. त्याची बायको कॅरोलिन गावोगाव फिरून माल विकायची. तो लवकर वारला, धंदा तिने टिकवला. पुढे मुलांच्या हाती कारभार आला आणि १८९१ मध्ये लाइपत्सिगच्या जत्रेत त्यांनी किल्लीवर चालणारी गाडी मांडली. गाडी इतरही बनवत होते. यांनी रुळांची मापं ठरवून दिली. आज घेतलेला रूळ पुढच्या वर्षी घेतलेल्या रुळाला बसणार. म्हणजे गिऱ्हाईक एकदा आलं की दर नाताळला परत येणार, एक सांधा, एक डबा, एक सिग्नल. इथेही विकली ती जोडच.

आणि हीच कंपनी फेब्रुवारी २००९ मध्ये, आपल्या दीडशेव्या वर्षात, दिवाळखोरीत गेली. बँकांनी कर्ज पुढे चालवायला नकार दिला. जुनं गिऱ्हाईक म्हातारं होत होतं, मुलं स्क्रीनवर गेली होती, आणि वर बाहेरच्या सल्लागारांवर झालेल्या खर्चाची बरीच चर्चा झाली. मीही थोडाफार सल्लागारच आहे, त्यामुळे हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळला. रुळाला रूळ बसत होता, पण बापाच्या छंदाला पोराचा हात जोडला जात नव्हता. २०१३ मध्ये एका जर्मन खेळणी उद्योगाने कंपनी घेतली आणि ती आजही चालू आहे.

त्याच २००९ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर शहराजवळ केझरबर्ग नावाची एक प्रचंड मॉडेल रेल्वे लोकांसाठी खुली झाली. एका बांधकाम व्यावसायिकाचं स्वप्न, सतरा वर्षं चाललेलं काम, १९९० च्या दशकातल्या स्विस रेल्वेचं छोटं रूप. कधीतरी जाईन. पासपोर्ट काढून ठेवलाय.

मग दुकानात काय बदललं?

बोर्ड उतरवला. नवीन लावला : "डिलिव्हरी रोज ११, १, ४ आणि ७ वाजता." बस. साडेदहापर्यंत फोन आला तर माल अकराच्या फेरीत, नाहीतर एकच्या. पोरगा एका फेरीत पाच-सहा ठिकाणं करतो. दोन फेऱ्यांच्या मधे अर्धा तास रिकामा ठेवलाय, तो घड्याळातल्या लाल काट्याचा अर्धा तास. त्यात तो जेवतो. पावसात फेरीला जास्त वेळ लागतो, तो यातूनच भरून निघतो.

शेजारी पाइप-फिटिंगचं दुकान आहे. आधी आम्ही एकमेकांकडे जरा तिरकं बघायचो. आता चारच्या फेरीत त्यांचाही माल जातो, पेट्रोल अर्धं-अर्धं. ऱ्हेटिश रेल्वे आणि पिवळी बस!

पुण्याहून येणारा मालाचा टेम्पो उशिरा आला तर पूर्वी मी सगळ्या फेऱ्या खोळंबून ठेवायचो. आता जे दुकानात आहे ते घेऊन अकराची फेरी अकरालाच सुटते. टेम्पोचा उशीर बाझललाच थांबतो.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. काही गिऱ्हाइकं गेली. ज्यांना पंधरा मिनिटांत एक बल्ब पाहिजे ती ॲपवर गेली, आणि ती परत येतील असं मला वाटत नाही. विक्री एकदम उडीही मारली नाही. पण वायरमन लोक टिकले, वाढले. कारण त्यांना आता कामाची आखणी करता येते. "अकराच्या गाडीला टाका" असं ते फोनवर म्हणतात. गाडी म्हणतात बरं का! आणि आमचा पोरगा अजून आमच्याकडेच आहे, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी कमाई.

"अहो, तो स्वित्झर्लंड, ही सांगली"

हा आक्षेप येणार हे माहितेय. छोटा देश, श्रीमंत देश, शिस्तीची माणसं. बरोबर आहे. आपल्या रेल्वेवरचा भार आणि अंतरं यांची त्यांच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, आणि मी ती करतही नाहीये. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कमी पैशात जास्त काम व्हावं म्हणूनच त्यांनी हा रस्ता धरला. प्रत्येक घरासाठी, प्रत्येक फोनसाठी वेगळी गाडी पळवायला खूप पैसा लागतो. तो ज्या मोठ्या कंपन्यांकडे आहे त्या पळवू देत. तुमच्याकडे एक ॲक्टिव्हा आणि एक पोरगा आहे. ठेका ही मर्यादित साधनं असलेल्या माणसाची युक्ती आहे. डब्बेवाल्यांचं उदाहरण सगळेच ट्रेनर देतात म्हणून मी देत नाही, पण तुम्हाला कळलं.

माझं मत स्पष्ट आहे. छोट्या दुकानदाराने दहा मिनिटांच्या शर्यतीत उतरू नये. तिथे आपण हरणार, आणि हरताना कुणाचं तरी मनगट मोडणार. आपण वेळ द्यायची, ती पाळायची, आणि गिऱ्हाइकाचं पुढचं काम आपल्या वेळेला जोडलं जाईल असं बघायचं.

या आठवड्याचं काम

वही घ्या. मागच्या सात दिवसांत "लगेच पाठवा" म्हणणाऱ्या दहा गिऱ्हाइकांना फोन करा आणि एकच विचारा : माल नेमका किती वाजता लागणार होता? उत्तरं लिहा. मग तुमच्या दुकानाच्या तीन किंवा चार वेळा ठरवा. जास्त नको. निदान महिनाभर त्या मोडू नका, एकच ऑर्डर असली तरी फेरी सोडा. रिकामी गाडी वेळेवर सुटली तरच भरलेल्या गाडीवर लोक विश्वास ठेवतात.

तुमच्या वेळा कमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येक वाचतो. पुढच्या व्हिडिओत त्यातली तीन दुकानं घेऊन वेळापत्रक मांडू. आणि सांगलीत आलात तर दुकानात या. सातची फेरी सुटली की माळ्यावर चहा घेऊ. गाडी दाखवतो.